काखेखालची फट

९ जानेवारी

ती. ताईस,

आज सकाळी थोरलीची ट्रंक आली. तिच्या तुकडीतले दोघं जण घेऊन आले होते. बाहेरच्या खोलीत ठेवली, कागदावर सही घेतली. मी चहा विचारला, पण खाली गाडी उभी होती. त्यांतला उंच मुलगा जाताना म्हणाला, ती आम्हाला फार हसवायची. मी म्हटलं, हो, घरीही.

दुपारी ट्रंक उघडली. गणवेशाचे जोड, बूट, टॉवेल, कंगवा, अर्धी संपलेली टूथपेस्ट. तळाशी तिचं बुलेटप्रूफ जॅकेट. आतल्या प्लेटा काढून घेतल्या आहेत, नुसती खोळ आहे. ही खोळ माझ्याकडे यायला नको होती असं वाटतं. तिचं सामान म्हणून कोणीतरी भरून टाकली असेल. मी ती बाहेर काढली नाही. झाकण लावलं, जेवलो आणि अर्ध्या दिवसाकरता ऑफिसला गेलो.

तिच्या साहेबांनी त्या दिवशी सांगितलं होतं की पुढची प्लेट शाबूत आहे, मागची शाबूत आहे, गोळी डाव्या काखेखाली बाजूने लागली. तेव्हा मला काही विचारायचं सुचलं नाही. आज खोळीच्या आतल्या बाजूला तुमच्या कारखान्याचा शिक्का दिसला.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. जॅकेटं तू बेततेस. एवढंच सांग, काखेखाली कापड का नव्हतं?

तुझा,
बाळ

१६ जानेवारी

चि. बाळ,

विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे सगळे मला 'वाईट झालं' म्हणतात आणि गप्प बसतात.

कापड होतं. पण ते तिच्या काखेखाली नव्हतं, पुढे ओढलं गेलं होतं.

आमच्याकडे तीन मापं निघतात. मधलं माप एका पुरुषाच्या अंगावर बेतलेलं आहे. छाती रुंद आणि सपाट, कंबरेपर्यंत लांब. मोठं माप काढायचं तर तेच सगळीकडून वाढवायचं, लहान काढायचं तर सगळीकडून कमी करायचं. म्हणजे लहान माप हा लहान केलेला पुरुषच. थोरलीला ते दिलं होतं. बाईच्या अंगावर ते घातलं की पुढची प्लेट छातीवर टेकून बाहेर येते. प्लेट पुढे आली की बाजूचं कापड तिच्याबरोबर पुढे ओढलं जातं आणि काखेखाली फट पडते. शिवाय बाईचं धड आखूड. खाली बसलं की जॅकेटची कड मांडीला टेकते आणि सगळं जॅकेट हनुवटीपर्यंत चढतं. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी फट जात नाही. मी हे वर सांगितलं नव्हतं असं समजू नकोस. सांगितलं होतं. आमचे साहेब म्हणाले, बायकांची पोलकी शिवायचं काम आपल्याकडे नाही. सगळे हसले. मीही थोडी हसले, नोकरी होती म्हणून.

आता नीट वाच. चौकशीवाल्यांचं म्हणणं आहे की तिने बाजूचे पट्टे सैल सोडले होते. उकडतं म्हणून बायका सोडतात, असं ते म्हणतात. मार्चमध्ये समिती बसणार आहे. मी बायकांसाठी वेगळा नमुना करत आहे, तो त्यांच्यापुढे ठेवणार. पण आधी सिद्ध करावं लागेल की तिने पट्टे आवळले होते आणि तरी फट होती. ते त्या खोळीवर दिसेल. पट्टा जिथे चिकटवला असेल तिथेच असू दे, सोडू नकोस. आतून घामाची रेघ असेल, धूळ असेल, रक्त असेल. जॅकेट अंगावर कुठे बसलं होतं ते त्यावरून मी बोट ठेवून दाखवू शकते. धुवू नकोस, झटकू नकोस, उन्हात टाकू नकोस. कागदात गुंडाळून पाठव.

तुझी धाकटी सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. तिच्यावरच माप घेते आहे. वायरलेसच्या खोलीत बसून पाठ अवघडली आहे म्हणते. जेवते चांगली. तू जेवतोस का?

ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

खोळ अजून ट्रंकेतच आहे. पाठवीन, पण आत्ता नाही. खोळीला तिचा वास आहे. तू कारखान्यात कामाची वस्तू म्हणून बघतेस, तुझं चूक नाही. मला थोडे दिवस दे.

मागच्या सुट्टीत तिने मला ते घालून दाखवलं होतं, आठवलं. खुर्चीवर बसली आणि मान आत ओढून म्हणाली, बाबा, कासव. मी हसलो होतो. ती एवढ्यावर थांबली नाही, वर्तमानपत्र घेऊन तसंच वाचायला लागली आणि पान उलटता येईना म्हणून मला हाक मारली. तेव्हा मी जॅकेटकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं.

धाकटीशी फोनवर बोलणं होतं ते हो-नाहीतच. वर्ष संपेपर्यंत नोकरी सोडून घरी ये, असं मी तिला सांगितलं आहे. ती 'बघू बाबा' म्हणाली. ती बघू म्हणते तेव्हा तिचं आधीच ठरलेलं असतं, ते मला कळतं. काय ठरलेलं असतं ते कळत नाही. तू तिच्या जवळ आहेस. तिच्याकडे लक्ष ठेव. मला आता एकच उरली आहे, हे तुला लिहायची गरज नाही.

जेवतो.

बाळ

१० फेब्रुवारी

चि. बाळ,

नमुना जमला. आज तुला हे पहिलं लिहिते, मग बाकीचं.

पुढची प्लेट आम्ही वरून अरुंद केली आणि कडेला वळवली, म्हणजे ती छातीवर टेकून बाहेर येत नाही. धड आखूड केलं. बाजूला पुढून-मागून दोन पाखं घेतली आणि ती एकमेकींवर चढवली, त्यामुळे बाईने श्वास भरला तरी, वाकली तरी तिथे उघडं पडत नाही. कारखान्यात पुतळे सगळे पुरुषांचे. म्हणून धाकटीच पुतळा. तासन्‌तास उभी राहते. टाचण्या टोचल्या की म्हणते, आत्या, शत्रूची गरजच नाही. आमच्या शिलाईतल्या बायका तिच्यावर खूश आहेत. एक जण म्हणाली, हिला नवरीसारखी सजवताय. दुसरी म्हणाली, नवरीला एवढं नीट मापाचं कोण शिवतं?

अंग अगदी थोरलीचं आहे. मान तेवढी लांब. मागून बघितलं की मी एकदोनदा चुकले आणि चुकीची हाक मारली. ती वळली नाही, तशीच उभी राहिली. म्हणाली, घे तू माप.

कालच्या बेताला तर कुठेच खोट निघाली नाही. पालथी झोपली, सरपटली, गुडघ्यावर बसून बंदूक लावली, दस्ता खांद्यात नीट बसला. जुन्या जॅकेटमध्ये तो खांद्याच्या पट्टीवरून घसरायचा, आता घसरत नाही, असं म्हणते. मी काखेखाली हात घालायला गेले तर बोट शिरेना. मला रडू आलं. तिला नाही आलं.

आता खोळ हवी. नवं किती चांगलं आहे हे मी दाखवीन, पण जुनं वाईट होतं हे तुझ्या ट्रंकेतच आहे.

ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

वायरलेसच्या खोलीत बसणाऱ्या मुलीला गुडघ्यावर बसून नेम का धरावा लागतो?

बाळ

२० फेब्रुवारी

चि. बाळ,

तिने मला शपथ घातली होती. पण तू विचारलंस, आता लपवून काय करू.

तिने थोरलीच्या चौकीवर जायला अर्ज केला आहे. महिना झाला. थोरली गेल्यावर पुढच्या चौक्यांवरच्या सगळ्या मुलींना मागे आणलं आहे, समितीचा निकाल लागेपर्यंत. निकाल लागला की परत पाठवतील. हिचं नाव त्यांत आहे. नेमबाजीचं शिक्षण तिने पुरं केलं.

मी तिला बोलले नाही असं समजू नकोस. बोलले, रागावले, एकदा हातही उगारला. ती म्हणाली, आत्या, दीदीची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, घरातलीही रिकामी आहे, तिथे बस. ती उठून टाचण्या वेचायला लागली.

तिला अडवायचं असेल तर तू ये आणि अडव. बाप तू आहेस. मला तिला अडवता येत नाही. फक्त झाकता येतं, तेवढं मी करते आहे. ती जाणारच आहे, हे मी धरून चालले आहे. तूही धरून चाल आणि मला खोळ पाठव. दहा मार्चच्या आत इथे यायला हवी.

तुझ्यावर राग नाही. तू माझ्यावर करणार आहेस, तो कर.

ताई

३ मार्च

ती. ताईस,

खोळ आज पाठवली. दहाच्या आत मिळेल.

रविवारी धुतली. चुकून धुतली असं नाही. तुझं पत्र समोर ठेवलं होतं. पट्टे आधी सोडले. डावा शेवटपर्यंत आवळलेला होता, त्याच्यापुढे ओढायला जागाच नव्हती. तो सोडताना फार चिकट लागला, दोन्ही हातांनी ओढावा लागला. मग बादलीत गरम पाणी घेतलं आणि साबणात भिजत ठेवली. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं तांबूस. आतली घामाची रेघ ब्रशने घासल्याशिवाय गेली नाही. काखेजवळची जागा वेगळी घासली. चौथं पाणी स्वच्छ होतं. पिळली नाही, कापड जाड आहे. गॅलरीत उन्हात घातली. दोन दिवस लागले वाळायला.

मी काय केलं ते मला कळतं. तुझा नमुना पास झाला तर धाकटी जाईल. नाही झाला तर मुली मागेच राहतील. तू म्हणतेस तिला झाकता येतं. थोरलीलाही झाकलं होतं. मला झाकलेली मुलगी नको, घरी असलेली हवी.

तू खूप मेहनत केलीस. ती फुकट जाईल, त्याचं वाईट वाटतं. पण तू मला विचारून तिचं माप घेतलं नव्हतंस.

बाळ

१३ मार्च

बाळ,

तुझं पार्सल समितीच्या आदल्या दिवशी मिळालं. कागद उघडला आणि खोलीभर साबणाचा वास आला. मला वाटलं, चुकून दुसरंच काहीतरी पाठवलंस. मग पत्र वाचलं.

तरी घेऊन गेले. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी खोळ उचलली, उलटी केली, म्हणाले, घरच्यांनी फार छान ठेवली आहे. पट्टे लोंबत होते. चौकशीवाल्याने ते बोटाने हलवून दाखवले आणि म्हणाला, बघा, सोडलेलेच आहेत. मी म्हटलं, ते नंतर सोडले, माझ्या भावाने सोडले. त्यांनी विचारलं, का? मी काय सांगणार होते? तुझं पत्र पिशवीत होतं. काढलं नाही. काढलं असतं तर पट्टा आवळलेला होता हे तुझ्याच अक्षरात होतं. पण मग बापानेच पुरावा धुतला हेही होतं, आणि तसल्या बापाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं? माझी अक्कल त्या क्षणी तेवढीच चालली.

निकाल लगेच दिला. जॅकेट योग्य आहे. घालणारीने हलगर्जीपणा केला. तसं तिच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाईल, घरी कागद येईल. नव्या नमुन्याची सध्या गरज नाही. मुलींनी एक एप्रिलपासून पुढच्या चौक्यांवर परत जावं, जुन्याच जॅकेटमध्ये, पट्टे कसे बांधायचे याचा वर्ग करून.

तुला वाटलं, नमुना पडला तर मुली घरी बसतील. पत्रात मी निकाल लागेपर्यंत असं लिहिलं होतं. निकाल लागला. त्यांच्याकडे पुरुष एवढे जास्त झालेत की मुलींना जपून ठेवतील, असं तुला कोणी सांगितलं? तिला जायचंच होतं. फक्त काय घालून जायचं, एवढंच तुझ्या बादलीत ठरायचं होतं.

पन्नाशी उलटली तरी तुला बाळ म्हणणारी मी एकटी उरले आहे. आजपासून तीही नाही.

धाकटीला मी सांगितलं नाही. तिने खोळ बघितली आणि वास घेतला. तुमच्या घरचा साबण ती ओळखते.

३ एप्रिल

बाबा,

मी पोचले. खोली दीदीचीच आहे, खाट खिडकीकडची. तुमची विचारपूस म्हणून हे लिहीत नाही, तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

निघायच्या आधी पट्ट्यांचा वर्ग झाला. शिकवणाऱ्याने पहिलं उदाहरण दीदीचं दिलं. नाव घेतलं नाही, पण चौकी सांगितली, तारीख सांगितली. म्हणाला, एका मुलीला उकडत होतं, तिने पट्टा सोडला, अशा होऊ नका. मुली वहीत उतरवत होत्या. शेजारच्या मुलीने विचारलं, कोण गं ती? मी म्हटलं, माहीत नाही. हात वर करून सांगावं असं वाटलं, पण काय दाखवणार होते?

मला लहान माप मिळालं आहे. पट्टे शेवटपर्यंत आवळते. बसलं की हनुवटीला लागतं. डाव्या बाजूला मूठ जाते. तिथे मी टॉवेलची घडी घालते. इथल्या जुन्या मुली म्हणाल्या, ती पण घालायची.

आत्याने शिवलेलं तिच्या कारखान्यात खुंटीवर आहे. बाहेरचं जॅकेट आणलं तर काढून घेतात. आत्या दरवाजापर्यंत आली, माझ्या काखेखाली हात घालून बघितला आणि काढून घेतला.

तुम्हाला मी घरी हवी होते. ते मला कळतं. म्हणून तुम्ही दीदीला खोटं पाडलंत. मी परत आले तर आत्याकडे उतरेन. पत्र लिहू नका, इथे उत्तर लिहायला वेळ मिळत नाही.

धाकटी

१९ मे

ताई,

तुझं पत्र नाही. मी चार लिहिली, हे पाचवं. वाचत असशील असं धरून लिहितो.

आज सुट्टी होती. सकाळी कपडे धुतले, दुपारी थोडा पडलो. थोरलीचा कागद मागच्या आठवड्यात आला. तू म्हणालीस तसंच लिहिलं आहे. खाली पोच म्हणून सही करायची होती. मी त्यांच्या ऑफिसात गेलो, सांगितलं की पट्टा आवळलेला होता, मी स्वतः सोडला. तिथल्या कारकुनाने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, काका, सगळेच वडील असं म्हणतात. मी सही केली.

धाकटीचं काही कळलं का? मला ती लिहिणार नाही, पण तुला लिहीत असेल. सगळं नको सांगूस. आहे, एवढं एका ओळीत कळव. परवा रेडिओवर त्या बाजूच्या चौक्यांचं सांगितलं, नावं सांगितली नाहीत.

संध्याकाळी खाली गाडी थांबली. मी उठून दाराशी उभा राहिलो. तळमजल्यावरच्यांचे पाहुणे होते. हसत वर बघत होते, कोणता मजला म्हणून विचारत होते. जिन्यात अंधार आहे, दिवा थंडीपासून गेलेला. थोरलीची बातमी घेऊन दोघं आले तेव्हा त्यांना दारावरचा नंबर सापडेना. काडी ओढून ओढून बघत होते, एक दार चुकीचं वाजवलं. शेजारच्या बाई उघड्या दारात उभ्या होत्या, त्यांना आधी कळलं.

आज दिवा आणला. स्टूल धरायला कोणी नव्हतं, म्हणून भिंतीला लावून ठेवलं आणि कठड्याला धरून चढलो. जुना दिवा घट्ट बसला होता, रुमालाने धरून फिरवला. नवा लावला, खाली उतरून बटण दाबलं. नंबर आता लांबून वाचता येतो. मग स्टूल आत नेऊन ठेवलं.

बाळ